चढावर जिंकायचा खेळ

मागच्या अंकात या सदरात नॉर्वेच्या ब्यॉर्न डॅली यांच्याबद्दल लिहिलं होतं. क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे पायांना लांब, अरुंद पट्ट्या (स्की) अडकवून बर्फावरून चढ-उतार पळायची शर्यत. १९९२ आल्बेर्व्हिल, १९९४ लिलेहामर, १९९८ नागानो अशी तीन ऑलिंपिक, ८ सुवर्ण, ४ रौप्य. कोल्हापुरात बर्फ पडतो तो फक्त उसाच्या रसात, त्यामुळे फार पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. गठ्ठाच आला. निवडक पत्रं घेतली आहेत, बाकीच्यांनी रागावू नये.

साहेब, उतारावरून घसरत खाली यायचं, त्यात एवढी दमछाक कसली? टीव्हीवर बघितलं तर रेषेपलीकडे गेले की सगळे आडवे पडतात. ॲक्टिंग तर नाही ना?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, राजारामपुरी

भावा, उतारावरून घसरत यायचं ते आल्पाइन स्कीइंग. तो वेगळा खेळ. त्यात वर न्यायला पाळणा असतो आणि बुटाची टाच स्कीला घट्ट बांधलेली असते. आमच्या क्रॉस-कंट्रीत बूट फक्त चवड्यापाशी अडकवलेला, टाच मोकळी. वर जायचं ते स्वतःच्या पायांनी आणि हातांतल्या दोन काठ्यांनी.

मार्ग आखताना ढोबळमानाने एक तृतीयांश चढ, एक तृतीयांश उतार आणि उरलेला उंचसखल असा हिशेब ठेवतात. कागदावर तिन्ही सारखे. पण उतार काही सेकंदांत संपतो, चढ संपत नाही. शर्यतीतला निम्म्याच्या आसपास वेळ चढावरच जातो आणि शर्यतीचा निकालही तिथंच लागतो. टीव्हीवाले मात्र उतार दाखवतात, कारण तो दिसायला छान दिसतो.

जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून एकदा पळत चढून बघ. मग तोच चढ दोन्ही हातांनी जमीन मागं ढकलत चढायचा आहे अशी कल्पना कर. पाय, खांदे, दंड, पोट, पाठ, सगळंच एका वेळी ऑक्सिजन मागतं. शरीर एका मिनिटात किती ऑक्सिजन वापरू शकतं ते दर किलो वजनामागे मिलिलिटरमध्ये मोजतात. तुझ्यासारख्या धडधाकट पोराचा आकडा ४० ते ४५ च्या घरात येईल. डॅलींचा ९६ सांगितला जातो.

आणि चढावर थांबायची सोय नाही. उसानं भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की बैलांना ती पुन्हा हलवताना दुप्पट जोर लागतो, स्कीचं तेच. लय मोडली की मेलास.

नागानोत ५० किलोमीटरच्या शर्यतीत डॅली दोन तास पाच मिनिटं पळत होते. स्वीडनचा निक्लास योन्सन त्यांच्या मागं राहिला तो ८.१ सेकंदांनी. रेष ओलांडून डॅली बर्फावर कोसळले. ते त्यांचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण. ॲक्टिंगला श्वास लागतो रे, तो कुठून आणणार?

स्की घसरते म्हणूनच तिला स्की म्हणायचं. मग चढावर ती मागं का येत नाही? आम्ही धातूत काम करतो, घर्षणाचं गणित आम्हाला कळतं. हे गणित मात्र सुटत नाही.
– चांदी कारागीर, हुपरी

तुमच्या पत्रानं मला लई आनंद झाला, कारण हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

स्की सपाट नसते. मधे तिला कमान असते. वजन दोन्ही पायांवर सारखं असताना मधला भाग बर्फाला नीट टेकतच नाही, पुढची आणि मागची बाजू घसरत राहते. एका पायावर सगळं वजन टाकून लाथ मारली की कमान दबते आणि मधला भाग बर्फाला भिडतो. त्या मधल्या पट्ट्याला धरणारं मेण लावलेलं असतं, दोन्ही टोकांना घसरणारं. बर्फाचे कण क्षणभर मेणात रुततात, स्की धरते आणि माणूस पुढं जातो. वजन उचललं की सुटते. हे झालं क्लासिकल पद्धतीचं. स्केटिंग पद्धतीत स्की बाहेरच्या बाजूला तिरपी मारून ढकलतात, तिथं धरणारं मेण लागत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या बिल कोच यांनी ही पद्धत गाजवली. तिचा वेग बघून जुन्या मंडळींचं पित्त खवळलं, मग दोन्हीच्या शर्यती वेगळ्या केल्या. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकपासून ही विभागणी आहे.

खरी कारागिरी मेण निवडण्यात. थंड, कोरड्या बर्फाला कडक मेण. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाला ट्यूबमधलं चिकट क्लिस्टर, जे एकदा बोटांना लागलं की रॉकेलशिवाय निघत नाही आणि जेवणाच्या चमच्यापर्यंत पोचतं. सगळ्यांत वाईट म्हणजे पारा शून्याला चिकटून बसलेला दिवस. गुलमर्गला सकाळी आठला बर्फ काचेगत कडक, अकराला भुसभुशीत, एकला चिखल. सकाळी लावलेलं मेण दुपारी पायाला दगड बांधल्यागत वागतं. फ्लोरिनवाली मेणं फार वेगवान असायची, पण पर्यावरणाला आणि माणसाला घातक म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघानं २०२३-२४ च्या हंगामापासून ती पूर्ण बंद केली. आता शर्यतीआधी स्की तपासतात.

डॅली जखमी होऊन थांबले एवढंच तुम्ही लिहिलंत. कसे, कधी, ते नाही. आणि एकाही बाईचं नाव लेखात नाही, हे मुद्दाम की सवयीनं?
– निवृत्त क्रीडाशिक्षिका, गडहिंग्लज

बाई, जागा कमी होती. पण तुमचा टोला बसला.

डॅली बर्फावर जखमी झाले नाहीत. ऑगस्ट १९९९ मध्ये, उन्हाळ्यात, रोलर-स्कीवर सराव करताना पडले आणि पाठ गेली. रोलर-स्की म्हणजे आखूड दांडीला पुढं-मागं चाकं, डांबरी रस्त्यावर पळायची. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. पुन्हा उभं राहायची खटपट बराच काळ चालली, शेवटी मार्च २००१ मध्ये निवृत्ती जाहीर केली. लोक हिवाळ्यातल्या शर्यती बघतात. स्कीपटूचं वर्ष मात्र मे महिन्यात सुरू होतं आणि त्याची पाठ, गुडघे, खांदे झिजतात ते याच कोरड्या महिन्यांत.

आता नॉर्वेचीच क्रॉस-कंट्रीपटू मारित ब्यॉर्गेन. मला विचाराल तर कारकीर्द म्हणून ही डॅलींपेक्षा मोठी. २००२ मध्ये पहिलं ऑलिंपिक, पदक एकच, रिलेचं रौप्य. २००६ ला पुन्हा एकच रौप्य. इथवर बघणारा म्हणाला असता, चांगली आहे, महान नाही. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये तीन सुवर्णांसह पाच पदकं. २०१४ ला सोचीत आणखी तीन सुवर्णं. डिसेंबर २०१५ मध्ये मुलगा झाला. ३५ वर्षांची बाई, तान्हं मूल, आपल्याकडं हळदीकुंकवाला बोलावून सत्कार केला असता आणि विषय संपवला असता. तिनं २०१७ च्या लाहती जागतिक स्पर्धेत चार सुवर्णं घेतली. २०१८ ला प्यॉन्गचांगमध्ये पाच पदकं, त्यात शेवटच्या दिवशीची ३० किलोमीटरची शर्यत दुसऱ्या क्रमांकापेक्षा १ मिनिट ४९.५ सेकंद आधी संपवून. वर मी ८.१ सेकंदांचं सांगितलं, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. एकूण १५ ऑलिंपिक पदकं, हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोवर कुणालाच एवढी मिळाली नव्हती. त्याच एप्रिलमध्ये तिनं थांबायचं ठरवलं.

बाळंतपणाचं वर्ष तिच्या शरीराला विश्रांतीचं वर्ष म्हणून लाभलं असावं, हे माझं मत. डॅलींना असं वर्ष कधी मिळालं नाही. तुम्ही शाळेत पोरींना घडवलंय, तुम्हाला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक भर घालतो. बायकांची सर्वांत लांब शर्यत कितीतरी वर्षं ३० किलोमीटरचीच होती, पुरुषांची ५०. २०२२-२३ च्या हंगामापासून विश्वचषकात अंतरं सारखी केली आणि मार्च २०२३ मध्ये ऑस्लोच्या होल्मेनकोलेनला बायका ५० किलोमीटर धावल्या. एवढा उशीर का, याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

डॅली कधी हरले का? का नुसतीच आरती?
– शाहूपुरी

हरले की. १९९४, लिलेहामर, घरचं मैदान, चार बाय दहा किलोमीटर रिले. नॉर्वेचा शेवटचा गडी डॅली, इटलीचा सिल्व्हिओ फाउनर. इटलीनं सुरुवातीला पळवला तो मॉरिलिओ दे झोल्ट ४३ वर्षांचा होता! शेवटच्या सरळ पट्ट्यात फाउनर ०.४ सेकंदांनी पुढं. चार वर्षांनी नागानोत नॉर्वेनं हिशेब चुकता केला, समोर पुन्हा फाउनरच, फरक ०.२ सेकंद. पण त्या वेळी शेवटचा टप्पा थॉमस आल्सगार्दकडं दिला होता, डॅली आधीच्या टप्प्याला. सगळ्यांत मोठ्या खेळाडूला शेवटून काढून घेणं हा निर्णय घ्यायला छाती लागते. आपल्याकडच्या फुटबॉल संघांच्या व्यवस्थापकांनी हे वाचावं, पेठेचं नाव घेत नाही.

तुम्ही दुसऱ्यांच्याच कारकिर्दी सांगता. स्वतः सैन्यात असताना स्पर्धेत उतरत होता असं ऐकतो. त्यावर एक ओळ नाही.
– शिवाजी पेठ

ओळ मागितलीत, घ्या चार.

गाव पन्हाळा तालुक्यातलं. शेत उतारावर, विहीर खाली, घर वर. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालो. काश्मीरला गेलो तेव्हा आयुष्यात बर्फ बघितला नव्हता. युनिटमधल्या क्रॉस-कंट्री धावण्यात पुढं असायचो म्हणून गुलमर्गच्या कोर्सला पाठवलं. तिथं सैन्याची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, १९४८ पासूनची. उंची साधारण २६५० मीटर, पहिल्या आठवड्यात नुसतं चालायलाही धाप लागायची.

बरोबर लडाखी, गढवाली, हिमाचली पोरं. चालायला शिकली तीच बर्फावर. उतारावर ती शीळ घालत जायची आणि मी झाडाला मिठी मारून थांबायचो. पण चढ आला की चित्र बदलायचं. हे उस्तादांनी बघितलं आणि रिलेत मला दुसरा टप्पा दिला. दुसऱ्या टप्प्याला कुणी बघत नाही, फोटो पहिल्याचा आणि शेवटच्याचा निघतो. मला तो आवडायचा. नुकसान भरून काढायचं आणि काठी आपटत पुढच्याच्या पाठीवर थाप मारायची, एवढंच काम.

राष्ट्रीय हिवाळी स्पर्धांत पदकं मिळाली, त्यातली बहुतेक संघाची. एका वर्षी आमचं सामान वाटेतच अडकलं आणि उसन्या स्कीवर पळालो, बूट एक नंबर मोठा. अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे. परदेशात स्पर्धेला जायची संधी आली नाही. मग गुडघा बोलायला लागला, तेव्हा शिकवायला लागलो. शिकवण्याचं मला जास्त जमलं असं आमच्या हिच्यासकट सगळ्यांचं मत आहे.

फिलिप बोइट शेवटचा आला आणि तुम्ही त्याला अर्धा लेख दिलात. शेवटच्या नंबराचं कौतुक करून पोरांना काय शिकवताय?
– शाहूवाडी

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नागानोच्या वेळी हाकुबा इथं १० किलोमीटर क्लासिकल शर्यत झाली. डॅली जिंकले, साडेसत्तावीस मिनिटांच्या आत. केनियाचा फिलिप बोइट ४७ मिनिटांनंतर आला, ९२ वा, सगळ्यांत शेवटी. डॅली पदकाला जायचे थांबले, त्याची वाट बघत राहिले आणि त्याला मिठी मारली.

तुमचा राग मला कळतो. आपण तालमीच्या गावातले, चितपट झालेल्याचा फेटा कुणी बांधत नाही. पण बोइट हौस म्हणून आलेला गडी नव्हता. तो ८०० मीटर धावणारा, म्हणजे दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीचा माणूस. एका बूट कंपनीच्या पैशानं फिनलंडला गेला. पहिल्यांदा बर्फ बघितला १९९६ मध्ये, ऑलिंपिकला उतरला १९९८ मध्ये. त्या दिवशी पाऊस पडत होता, बर्फ ओला, म्हणजे हुपरीच्या कारागिरांना वर सांगितलं तो मेणाचा वाईट दिवस. अशा बर्फावर क्लासिकलचा चढ दोन वर्षांच्या अनुभवावर पार करणं काय असतं ते मी गुलमर्गला भोगलंय. डॅलींना ते दिसलं, कारण त्यांना तो चढ माहीत होता. मला त्या मिठीत दया दिसत नाही. एका पैलवानानं दुसऱ्याचा दम ओळखला, एवढंच दिसतं.

बोइट २००२ आणि २००६ च्या ऑलिंपिकलाही आला. मुलाचं नाव त्यानं डॅली ठेवलं. पोरांना काय शिकवायचं ते तुम्ही ठरवा, मी मास्तर नाही.

आम्ही दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड जातो. त्या लोकांकडं असं काही असतं का?
– एक ट्रेकिंग ग्रुप, कोल्हापूर

असतं, आणि वाचून अंगावर काटा येईल. १२०६ साली नॉर्वेत यादवी चालू होती. राजाचा वारस होकोन, दीडेक वर्षांचं पोर. शत्रूच्या तावडीत सापडू नये म्हणून बिर्केबायनर म्हणवणाऱ्या दोन लढवय्यांनी त्याला भर हिवाळ्यात स्कीवरून डोंगरापलीकडं नेलं. पोर वाचलं आणि पुढं राजा झालं. त्या आठवणीत १९३२ पासून रेना ते लिलेहामर ५४ किलोमीटरची शर्यत होते. प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोचं ओझं असलंच पाहिजे, ते त्या पोराच्या नावानं. रेषेवर वजन करतात!

आपलं १६६० चं प्रकरण वेगळं. तिथं पोर सुखरूप पोचलं, इथं बाजीप्रभूंनी खिंडीत देह ठेवला. तुलना मी करत नाही. पण जुलैच्या चिखलात पाठीवर पिशवी घेऊन चालणाऱ्या तुम्हा लोकांना ती साडेतीन किलोची अट आवडेल असं वाटलं. पुढच्या वर्षी करून बघा, एकमेकांच्या पिशव्या उचलून तपासा. पाण्याची बाटली वजनात धरायची नाही.

स्वीडनमध्ये याहून लांब, ९० किलोमीटरची व्हासालोपेट १९२२ पासून होते. वाटेत ब्लूबेरीचं गरम सूप देतात. आपलं पिठलं-भाकरी त्याहून बरं.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. तुमचा लेख वाचल्यापासून डोक्यात स्कीइंगच आहे. इथं राहून हे शक्य आहे का? गुडघे खराब होतील का? खर्च?
– एक आई, इचलकरंजी

ताई, आधी त्याला सहा महिने पळू दे. सहा महिन्यांनी पण स्कीइंगच म्हणत असेल तर पुढचं वाचा.

गुडघ्यांची भीती आल्पाइनमध्ये जास्त, तिथं वेगात पाय पिळतो. क्रॉस-कंट्रीत धक्का कमी, पाय घसरत जातो, आपटत नाही. पाठ आणि खांदा सांभाळावा लागतो. इथं राहून करायच्या गोष्टी म्हणजे डोंगर चढणं, पोहणं, दोर चढणं, हातात काठ्या घेऊन चढावर उड्या मारत पळणं. नॉर्वेची पोरं उन्हाळ्यात हेच करतात. रोलर-स्की नंतर, आणि घेतल्या तर हेल्मेट, कोपर-गुडघ्याचे पॅड, पहाटेचा मोकळा रस्ता आणि सोबत मोठं माणूस हवंच. त्यांना ब्रेक नसल्यातच जमा असतो, उतार टाळायचा. डॅलींचं काय झालं ते वर लिहिलंय.

बर्फासाठी गुलमर्गला केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे. दोन्हीकडं सामान्य मुलांसाठी कोर्स असतात, पण भर आल्पाइनवर. क्रॉस-कंट्री शिकवणारं कोण आहे ते आधी फोन करून विचारा, तिथं जाऊन नाही. महागडं साहित्य घेऊ नका, वाढत्या वयात बूट दरवर्षी लहान होतो.

आपल्या देशातून या खेळात ऑलिंपिकला कुणी गेलंय?
– कागल

गेलेत. बहादूर गुप्ता २००६, ताशी लुंडुप २०१०, नदीम इक्बाल २०१४, जगदीश सिंग २०१८. जगदीश १५ किलोमीटरमध्ये १०३ वा आला. शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूची भवानी टी. एन. जागतिक पातळीवर उतरते आहे, तिच्याकडं लक्ष ठेवा. कॉफीच्या मळ्यांतून बर्फावर जाता येतं, तर कागलातूनही येईल.

डॅली आता काय करतात?
– जयसिंगपूर

त्यांच्या नावाचे खेळाचे कपडे बाजारात आहेत, आणि जमीन-घरांच्या व्यवसायात ते उतरले. खेळाडूनं पैसा मिळवला की आपल्याकडं नाकं मुरडतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

डॅलीला तांबडा रस्सा झेपेल का?
– इयत्ता पाचवी, मंगळवार पेठ

शर्यतीच्या आदल्या रात्री अजिबात द्यायचा नाही, तेव्हा भात आणि बटाटा. शर्यत झाल्यावर पांढऱ्यानं सुरुवात करू आणि पाण्याचा तांब्या शेजारी ठेवू. तू वाढायला ये.